ॲस्ट्रोपाय-सीसीडीप्रॉक : तयार फाइल कोणत्या कच्च्या फ्रेमपासून झाली, हे फाइलमध्येच कसं जपायचं?

उद्यमनगर_तारा

नमस्कार मंडळी. शिवाजी उद्यमनगरात माझं मशिन शॉप आहे. दिवसा कास्टिंगचं मशिनिंग, आणि आभाळ मोकळं असलं की रात्री पन्हाळ्याच्या बाजूला दुर्बीण. सध्या ध्यास एकाच ताऱ्याचा, उत्तर मुकुटातल्या टी कोरोनी बोरिॲलिसचा. १८६६ ला फुटला, १९४६ ला फुटला. एरवी दहाव्या प्रतीच्या आसपास असतो, उद्रेकात दुसऱ्या प्रतीपर्यंत चढतो (प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). तो पुन्हा फुटेल तेव्हा आधीच्या रात्रींची मोजमापं लई मोलाची ठरणार आहेत. पाऊस लागला की आपल्याकडं सगळंच बंद, म्हणून उन्हाळ्यातली स्वच्छ रात्र मी सोडत नाही.

पायथनमध्ये सीसीडीप्रॉक (ॲस्ट्रोपाय या खगोलाच्या लायब्ररीसोबत चालणारी, कॅमेऱ्याची चित्रं साफ करायची लायब्ररी) वापरून स्क्रिप्ट लिहिली आहे. कच्ची फ्रेम वाचायची, मास्टर डार्क (झाकण लावून काढलेल्या काळ्या फ्रेम एकत्र करून केलेला) वजा करायचा, मास्टर फ्लॅटनं (एकसारख्या उजेडाच्या फ्रेम एकत्र करून केलेला) भागायचं, निकाल दुसऱ्या फोल्डरात लिहायचा. तयार फाइलचं नाव म्हणजे कच्च्या फाइलचं नाव आणि पुढं शेपूट. त्यामुळं कच्ची फ्रेम कुठली ते नावावरून कळतं. पण डार्क कुठला लावला? फ्लॅट कुठल्या दिवसाचा? माझ्या कॅमेऱ्याला कूलिंग नाही. मार्चच्या पहाटेचा डार्क आणि मे महिन्यातल्या रात्री अकराचा डार्क यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून डार्कचे संच बरेच साठलेत.

आमच्या धंद्यात ओतकामाच्या नगावर हीट नंबर असतो. नग उद्या कुठं तडकला तर त्या नंबरावरून तो भट्टीच्या कुठल्या हीटमधला, त्या दिवशी केमिस्ट्री काय होती, सगळं काढता येतं. कागद हरवला तरी नंबर नगावर असतोच. असा नंबर मला प्रत्येक तयार फिट्स (खगोलातल्या चित्रांचा फाइल-प्रकार) फाइलच्या अंगावर पाहिजे. वहीत नको, एक्सेलमध्ये नको. दहा वर्षांनी कुणी ती एकच फाइल उघडली तरी तिला तिचे आईबाप सांगता आले पाहिजेत.

लायब्ररी हे आपणहून करते का? की मी करायचं?

राजारामपुरी_फोटॉन

दादा, अर्धं लायब्ररी करते, आणि नेमकं तुम्हाला पाहिजे ते अर्धं सोडते.

तुमची एक तयार फाइल उघडून हेडर, म्हणजे चित्राच्या आधी असलेली माहितीची यादी, वाचा. डार्क वजा केल्यावर सीसीडीप्रॉक तिथं 'सबडार्क' नावाची नोंद घालतं आणि फंक्शनला काय काय दिलं होतं ते लिहितं. पण डार्कची इमेज दिली होती तिथं फक्त 'सीसीडीडेटा' असा शब्द दिसेल. लायब्ररीच्या हातात आकड्यांचा तक्ता येतो, तो कुठल्या फाइलमधून आला हे त्या टप्प्यावर तिला माहीत नसतं. म्हणून डार्क लावला एवढं कळतं, कुठला ते कळत नाही.

उपाय त्याच फंक्शनमध्ये आहे. 'ॲड कीवर्ड' नावाचा एक पर्याय असतो. त्याला पायथनची डिक्शनरी द्या, त्यात 'डार्कफाइल' ही की आणि मास्टर डार्कच्या फाइलचं नाव ही किंमत. फ्लॅटच्या फंक्शनलाही तसंच, 'फ्लॅटफाइल'. एक ध्यानात ठेवा, स्वतःची डिक्शनरी दिली की लायब्ररीची मूळ नोंद येत नाही, तुमची येते. डार्क एक्स्पोजरप्रमाणं स्केल केला का, हेही टिपायचं असेल तर तेही त्याच डिक्शनरीत घाला.

ही नावं मुद्दाम निवडली आहेत. फिट्सच्या कीवर्डला आठ रोमन अक्षरांची मर्यादा आहे आणि दोन्ही नावं बरोबर आठात बसतात. किंमतही एका ओळीत ६८ अक्षरांपर्यंतच मावते, त्यामुळं पूर्ण पाथ लिहू नका, नुसतं फाइलचं नाव लिहा. तसाही पाथ हार्डडिस्क बदलली की खोटा पडतो.

आणि फाइली ग्लोबनं, म्हणजे नावाच्या नमुन्यावरून, गोळा करत असाल तर ते सोडा, 'इमेज फाइल कलेक्शन' घ्या. ते फोल्डरातली सगळी हेडर वाचून एक तक्ता करतं. त्यातून 'सीसीडीज' फिरवताना 'रिटर्न एफनेम' चालू ठेवलं की चित्र आणि त्याच्या फाइलचं नाव जोडीनंच हातात येतं. नाव तिथं एकदा सुटलं की पुढं अंदाजानं जोडत बसावं लागतं.

रंकाळा_जुना

वरचं सगळं बरोबर आहे. दोन गोष्टींची भर घालतो. माझं बरंच आयुष्य सी-फिट्स-आयओ या फिट्स फाइली वाचण्या-लिहिण्याच्या लायब्ररीवर, सी भाषेत गेलं, त्यामुळं जरा तिकडून बघतो.

पहिली गोष्ट. फाइलचं नाव ही ओळख म्हणून कच्ची आहे. कॅप्चर सॉफ्टवेअर रोज रात्री शून्यापासून मोजायला लागतं आणि दोन रात्रींच्या फाइलींना एकच नाव पडतं. नावासोबत कच्च्या फाइलची डेटासम लिहा. ही फक्त आकड्यांच्या भागाची ३२ बिटांची बेरीज असते. फाइलचं नाव बदला, हेडरमध्ये निरीक्षकाचं नाव घाला, डेटासम हलत नाही. 'चेकसम' मात्र पूर्ण एचडीयूची (हेडर आणि डेटा मिळून) असते, हेडर बदललं की तीही बदलते, म्हणून आईबाप ओळखायला ती उपयोगाची नाही. कॅप्चर सॉफ्टवेअर बऱ्याचदा डेटासम लिहीत नाही. तेव्हा ॲस्ट्रोपायमध्ये कच्ची फाइल फक्त वाचण्यासाठी उघडा, डेटाला हात लावायच्या आधी डेटासम काढा आणि तो आकडा तयार फाइलच्या हेडरमध्ये लिहा. तयार फाइल लिहिताना 'चेकसम' पर्याय चालू ठेवा, म्हणजे तिची स्वतःचीही पडेल. मास्टर डार्क-फ्लॅटचा प्रत्येकी एक आकडा तसाच शेजारी.

दुसरी गोष्ट मास्टर फायलींची, आणि इथं साखळी हमखास तुटते. पुष्कळ डार्क एकत्र केल्यावर कंबाइनर हेडरमध्ये 'एनकंबाइन' लिहितो. किती होते ते कळलं, कुठले होते ते नाही. तिथं 'हिस्टरी' वापरा, प्रत्येक डार्कला एक ओळ. हिस्टरीच्या ओळीत ७२ अक्षरं मावतात, नाव आणि डेटासम आरामात बसतात. पन्नास डार्क असले तरी हेडर फुगेल म्हणून घाबरू नका. प्रत्येक ओळ ८० बाइटची, अशा ३६ ओळींचा २८८० बाइटचा ठोकळा. १९८१ साली फिट्सचा पेपर छापून आला तेव्हापासून हे माप तेच आहे. पन्नास ओळी म्हणजे फार तर दोन ठोकळे वाढले, तुमच्या चित्रापुढं ते काहीच नाही.

सी-फिट्स-आयओत एक फार सुंदर सोय आहे. फाइल उघडतानाच इनपुटच्या नावाला लागून कंसात आउटपुटचं नाव दिलं, की लायब्ररी आधी पूर्ण नक्कल करते आणि नक्कलच उघडून देते. मूळ फाइलला धक्का लागत नाही, आणि नकलेत मूळ हेडर सगळं येतं. ॲस्ट्रोपायमध्ये हेच तत्त्व पाळा. तयार फाइलचं हेडर कोऱ्यावरून लिहू नका, कच्च्याची प्रत घेऊन तिच्यात भर घाला. फक्त बिटपिक्स, नॅक्सिस, बी-झीरो, बी-स्केल हे कीवर्ड हातानं उचलून नेऊ नका. आकडे फाइलमध्ये कसे साठवलेत ते हे कीवर्ड सांगतात. कच्ची फाइल १६ बिटांची, बी-झीरो ३२७६८. तयार फाइल दशांशाची. ते लायब्ररीला लिहू द्या.

आणि कच्च्या फोल्डरवर 'अपडेट' मोडमध्ये काही उघडू नका. फोल्डरच रीड-ओन्ली करून टाका.

उद्यमनगर_तारा

वा. डेटासमचं लगेच पटलं, माझा कॅमेराही रोज पहिल्या नंबरापासूनच सुरू होतो. मास्टरच्या हिस्टरीबद्दल तर मी विचारच केला नव्हता. मास्टर म्हणजे एक फाइल, असंच डोक्यात होतं.

आणखी एक विचारतो. फोल्डर मी तारखेनं करतो. रात्र बारा ओलांडते तेव्हा एकाच रात्रीच्या फ्रेम दोन फोल्डरांत जातात, आणि पहाटे काढलेला डार्क दुसऱ्या तारखेत पडतो. साखळी लावताना स्क्रिप्टला तो सापडत नाही. आणि कूलिंग नसल्यामुळं तापमान तंतोतंत जुळणारा डार्क कधीच मिळत नाही, जवळचा घ्यावा लागतो.

राजारामपुरी_फोटॉन

दादा, फोल्डरची तारीख सोडून द्या, हेडरमधल्या 'डेट-ऑब्स'वर, म्हणजे फ्रेम काढल्याच्या तारीख-वेळेवर, जा. ती यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आणि आपली घड्याळं साडेपाच तास पुढं. म्हणजे यूटीसीची तारीख आपल्याकडं पहाटे साडेपाचला बदलते. संध्याकाळपासून पहाटे साडेपाचपर्यंतची रात्र एकाच तारखेत राहते. मात्र कॅप्चर सॉफ्टवेअर खरंच यूटीसी लिहितंय का, ते एकदा तपासा. भारतीय वेळ लिहीत असेल तर सगळे मुसळ केरात. ताऱ्याच्या मोजमापात वेळ हीच निम्मी माहिती असते.

डार्कसाठी कलेक्शनचं फिल्टर तंतोतंत जुळणी मागतं, त्यामुळं एक्स्पोजरला ते चालेल, तापमानाला नाही. एक्स्पोजरनं चाळून घ्या, मग उरलेल्यांचा 'समरी' तक्ता घेऊन सेन्सरच्या तापमानाचा फरक काढा आणि सगळ्यांत कमी फरकाचा निवडा. आणि तो फरकही हेडरमध्ये लिहा, 'डार्कडीटी' नावानं. कारण नुसतं नाव बघून तो डार्क योग्य होता का, हे दहा वर्षांनी उघडणाऱ्याला कळणार नाही. चार अंशांचा फरक दिसला तर तो ती रात्र जपून वापरेल.

रंकाळा_जुना

तापमानाच्या फरकाचं शंभर टक्के. फक्त फ्रेम एकत्र रचणार असाल तर 'डेट-ऑब्स' पहिल्या फ्रेमचीच राहू देऊ नका. ती एक्स्पोजर सुरू झाल्याची वेळ असते. रचलेल्या चित्राला मधली वेळ काढून स्वतंत्र कीवर्डमध्ये लिहा, आणि कुठल्या फ्रेम रचल्या ते हिस्टरीत, डार्कसारखंच.

उद्यमनगर_तारा

रचत नाही, एकेक फ्रेमच मोजतो. पण उद्रेकानंतर उतरणीला तारा मंद होत जाईल तेव्हा रचावं लागेल, तेव्हासाठी आत्ताच लिहून ठेवतो.

जुन्या तयार फाइली काढून टाकतो आणि कच्च्यापासून सगळं नव्यानं चालवतो. मास्टर आधी, मग फ्रेम. रविवारी शॉप बंद असतं, कॉम्प्युटर मोकळा असतो.

राजारामपुरी_फोटॉन

काढायच्या आधी एकाच रात्रीवर चालवा दादा, आणि एका तयार फाइलचं आणि तिच्या मास्टर डार्कचं पूर्ण हेडर इथं टाका. डेटासम जुळतात का बघू.