मालवणला तीन दिवस: किल्ला बघायचा की सागरी अभयारण्य?

भटका_बाबा: डिसेंबरात मालवणला जातोय, सोबत दोन मुलं (७ आणि ११) आणि आई, तिचे गुडघे दुखतात. सिंधुदुर्ग किल्ला तर करायचाच आहे पण तिथे सागरी अभयारण्यही आहे म्हणतात, ते नक्की कुठे आहे, गेट-तिकीट वगैरे काही असतं का? एक दिवस त्याला ठेवू का?

देवबागवाला: अहो गेट कसलं, किल्ल्याच्या भोवतीचा समुद्रच अभयारण्य आहे 😄 १९८७ साली जाहीर झालं, साधारण २९ चौ. किमी, आणि तेव्हापासून मच्छीमारांचा विरोध आहे, बरोबरच आहे त्यांचं, पोटावर पाय येतो. होडीने किल्ल्यात जाता तेव्हा तुम्ही अभयारण्यातच असता. दिवस वेगळा काढू नका, भरती-ओहोटी बघून प्लॅन करा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, तेव्हा रॉक गार्डनच्या खडकांतल्या डबक्यांत खेकडे, शंख, छोटे मासे दिसतात. मुलं तिथून हलणार नाहीत. पायात ग्रिपवाले सँडल हवेतच, शेवाळावरून घसरायला होतं.

दगडधोंडे: आणि ते खडक नुसते फोटोपुरते बघू नका. सह्याद्रीचा काळा बसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, पण मालवण भागात त्याच्याही कितीतरी आधीचे खडक उघडे पडलेत, वर लाल जांभा. किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा चुकवू नका, त्यावर गणपती, चंद्र-सूर्य कोरलेत, १६६४ ला किल्ल्याची पायाभरणी करताना इथेच पूजा झाली. बहुतेक लोक स्कूबाच्या घाईत तिकडे फिरकतच नाहीत.

सागरिका_म: स्कूबा सातच्या मुलाला नको, स्नॉर्कलिंगचं विचारा, तेही पाणी स्वच्छ असेल तरच. प्रवाळावर उभं राहू नका, फोटोसाठी ब्रेड टाकून मासे जमवतात ते मला अजिबात पटत नाही. डॉल्फिन सकाळी दिसतात, कधी नाहीही, खात्री देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

भटका_बाबा: भारी माहिती! आईला होडीत चढता येईल का?

देवबागवाला: हात देतात, पण लाटांनी होडी हलते, म्हणून सकाळी लवकरची धरा, गर्दीही कमी. आतमध्ये तटावर चढायला नको, शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव तेवढं दाखवा, चारही बाजूंनी खारं पाणी आणि या विहिरी गोड्या. टोपी आणि पाणी घ्या, आत सावली कमी आहे.