थर्मोस्टॅट काढून टाकण्याआधी
गाडीतला थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) रेडिएटरकडे, म्हणजे तो द्रव थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीकडे, जाऊ न देणारी झडप. ‘गाडी तापते आणि नवा थर्मोस्टॅट मिळत नसेल तर जुना काढून टाका, जळगावच्या उन्हात त्याचं काय काम’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. उन्हाळा निघेल, पण धुळ्याच्या थंडीत पहाटे इंजिन लवकर तापत नाही आणि पेट्रोल जास्त लागतं.

माझी जुनी मारुती ८०० तापत होती आणि तिच्यासाठी अमळनेरात नवा थर्मोस्टॅट मिळेना. मग जुना तपासायला पातेल्यात पाणी तापवून तो दोऱ्याने त्यात लटकवला (तळाला टेकू द्यायचा नाही). पाणी उकळायच्या आतच झडप उघडली, गार झाल्यावर मिटली. म्हणजे तो धडधाकट होता! गाडी तापत होती रेडिएटरमुळे. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतून नळ्या क्षाराने बुजल्या होत्या. आता फक्त कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घालतो.