'ड्रॅक्युला व्हर्सेस फ्रँकेन्स्टाइन' (१९७१): कथानक तुटक का वाटते?

रातवा:
अल अ‍ॅडमसन यांनी दिग्दर्शित केलेला हा अल्पखर्चाचा भयपट नुकताच पाहिला. जत्रेतल्या भूतघराच्या तळघरात प्रयोगशाळा थाटून बसलेला, चाकांच्या खुर्चीला खिळलेला डॉ. ड्यूरिया मारलेल्या मुलींच्या रक्तापासून औषध तयार करतो, ही एक कथा. आणि ड्रॅक्युला फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस कबरीतून उकरून याच डॉक्टरकडे आणतो, ही दुसरी. दोन्ही शेवटपर्यंत एकजीव होत नाहीत. डॉक्टर आणि त्याचा मुका नोकर ग्रोटन मेल्यावर चित्रपट संपला असे वाटते, तोच एका ओसाड चर्चमध्ये वेगळीच झुंज सुरू होते. हा पटकथेचा दोष समजावा, की यामागे आणखी काही कारण आहे?

जुनी रिळे:
तुमचे निरीक्षण अचूक आहे. १९६९ मध्ये चित्रीकरण सुरू झाले तेव्हा 'द ब्लड सीकर्स' या नावाच्या त्या चित्रपटात ड्रॅक्युलाही नव्हता आणि राक्षसही नव्हता. जमलेले काम पाहून अ‍ॅडमसन आणि निर्माते सॅम शर्मन यांचे समाधान झाले नाही, म्हणून त्यांनी ही दोन पात्रे घालून नवी दृश्ये चित्रित केली आणि जुन्या दृश्यांना जोडली. डॉक्टर आणि ग्रोटन यांचा मृत्यू हा मूळचा शेवट होता. चर्चचा भाग नंतरचा आहे. सांधा तुम्हाला दिसला तो नेमका तिथेच.

जंगलातल्या अखेरच्या झुंजीचे समर्थन मात्र मला करता येत नाही. ड्रॅक्युला राक्षसाचे हात आणि डोके उपटतो, हे पडद्यावर इतक्या अंधारात घडते की कोण कोणाला मारतो आहे, तेच कळत नाही.

वनमाला:
सांधा मान्य आहे, पण प्रयोगशाळेचे दृश्य पुन्हा एकदा सावकाश पाहावे, अशी विनंती करते. तिथे ठिणग्या उडवणारी विजेची यंत्रे केनेथ स्ट्रिकफॅडन यांची आहेत. १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधली प्रयोगशाळा उजळवणारे गृहस्थ तेच.

माझ्या दृष्टीने या चित्रपटाचे खरे मोल दोन वृद्ध नटांत आहे. ड्यूरियाच्या भूमिकेतले जे. कॅरल नॅश आणि ग्रोटन झालेले लॉन चेनी (धाकटे) हे दोघे १९४४ च्या 'हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये एकत्र होते. नॅश कुबड्या डॅनियल आणि चेनी लांडगामानव. त्याआधी चेनी यांनी १९४२ मध्ये फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस रंगवला होता आणि १९४३ च्या 'सन ऑफ ड्रॅक्युला'मध्ये रक्तपिपासू सरदारही. म्हणजे शीर्षकातल्या दोन्ही भूमिका एकेकाळी करून चुकलेला नट इथे कुऱ्हाड घेतलेला नोकर आहे, आणि त्याच्या तोंडी एकही संवाद नाही. तरीही हा ग्रोटन कुत्र्याचे पिल्लू कुरवाळतो, तेव्हा त्या थकलेल्या, सुजट चेहऱ्यावर जे मार्दव उमटते, ते अभिनय येणाऱ्या माणसाचेच असते. दोघेही १९७३ मध्ये निवर्तले.

रातवा:
आपणा दोघांचे मनापासून आभार. पिल्लाचे दृश्य माझ्याकडून घाईत पाहिले गेले होते. आज रात्री तेवढे पुन्हा पाहतो.