प्रति: ५ नॉटचा नियम आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षक क्लबांचा बचावबोटीचा सराव
"सराव म्हणजे काही आणीबाणी नव्हे, मग क्लबांना वेगमर्यादेतून सूट कशाला?" हा वरचा मुद्दा मला अर्धाच पटला. न्यूझीलंडमध्ये किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत, तसंच पोहणाऱ्यापासून ५० मीटरच्या आत ५ नॉटची (ताशी साधारण ९ किमी) मर्यादा आहे. पण लाटा फुटतात त्या बहुधा याच पट्ट्यात! रबरी बचावबोट तिथे रांगत नेली तर लाट तिला आडवी करून उलटवू शकते. दोन लाटांमधली फट साधून सुसाट निघावं लागतं. हे काय खऱ्या बुडणाऱ्याला काढतानाच शिकायचं? सूट द्यावी, पण किनाऱ्याचा ठरावीक तुकडा आखून, पाट्या लावून. आणि सरावासाठी 'बुडणारा' झालेला माणूस क्लबचाच असेल तर बोट जवळ नेणं ठीक, इतरांसाठी ती ५० मीटरची अट सरावात जराही सैल नको.