दम लागला म्हणजे दमाच नसतो
चालताना आईला धाप लागते म्हणजे दमाच, असं बरेच जण धरून चालतात. आमच्या मायलाही सगळे तेच म्हणायचे. जन्म पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) चुलीपुढे गेलेला, त्यामुळे पटायचंही. (बिडी न ओढता नुसत्या धुरानंही सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार होतो, हे खरंच.) पण ती आडवी झाली की धाप वाढायची, उठून बसली की बरं वाटायचं. पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तर हृदयाचं पंपिंग कमी निघालं. हिमोग्लोबिन अन् सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) हेही तपासून घ्याच, आपल्या विदर्भात रक्त कमी असणं अन् सिकलसेल दोन्ही सापडतात. आणि शेतात कीटकनाशक फवारून आलेल्याला धाप, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक दिसल्या तर ती विषबाधा असू शकते, लिंबूपाणी पाजत बसू नका. कपडे उतरवा, अंग धुवा, फवारलेल्या औषधाचा डबा घेऊन थेट दवाखाना गाठा.