घरून काम: तोंडी परवानगी पुरे, की लेखी करारच हवा?

अबोली
मी चार वर्षं घरून काम करते. परवानगी मिळाली ती फोनवर, 'चालेल, घरूनच करा' एवढीच. मागच्या महिन्यात ऑफिसचा लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असताना जळाला आणि दुरुस्तीचे पैसे माझ्या पगारातून कापले. विचारलं तर म्हणाले, 'वीज तुमच्या घरची, जबाबदारी तुमची.' दाखवायला माझ्याकडे कागदाचा चिटोराही नव्हता. कामाचे तास, वीज-इंटरनेटचा खर्च, उपकरणं, अपघात हे सगळं लेखी असल्याशिवाय कुणी घरून काम पत्करू नये, असं माझं ठाम मत आहे.

निशाचर
असहमत. लेखी केलं की आपणही बांधले जातो. मी रोज दुपारी वडिलांना फिजिओथेरपीला नेतो आणि रात्री बसून काम भरून काढतो. साहेबांना माहीत आहे, पण कुठे लिहिलेलं नाही म्हणूनच चाललंय. तास कागदावर आले की ते मोजणारं सॉफ्टवेअरही येणार. माझ्या मित्राच्या लॅपटॉपवर आलंय. बेल वाजली तरी तो आधी माऊस हलवतो, मग दार उघडायला उठतो.

अबोली
पाळत करार नसला तरी येतेच. तिला अडवायला कायदाच लागतो. नेदरलँड्समध्ये एकाने दिवसभर वेबकॅम चालू ठेवायला नकार दिला म्हणून त्याची नोकरी गेली. २०२२ मध्ये टिलबर्गच्या न्यायालयाने ती बडतर्फी बेकायदा ठरवून भरपाई द्यायला लावली.

हिशेबनीस
अपघाताचा मुद्दा मागे पडतोय. जर्मनीत एक जण सकाळी पलंगावरून उठून, न्याहारीही न करता, थेट घरातल्याच कामाच्या खोलीकडे निघाला. गोल जिन्यावरून घसरला, मणका मोडला. विमा नाकारला गेला, खटला वरपर्यंत गेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने तो कामावरचा अपघात मानला, कारण त्या वेळी तो जिना हाच त्याचा कामावर जायचा रस्ता होता. खर्चाचं म्हणाल तर पोर्तुगालच्या २०२१ च्या कायद्याने वीज-इंटरनेटचा वाढीव खर्च मालकावर टाकला, शिवाय विश्रांतीच्या वेळेत कर्मचाऱ्याला फोन-मेसेज करायलाही बंदी घातली.

निशाचर
अपघात आणि खर्च लिहून घ्या, ते पटलं. पण खटला जिंकेपर्यंत घर कशावर चालवायचं? आणि तासांना हात लावू नका.

अबोली
तासच मोकळे सोडले म्हणून मला रात्री पावणेदहाला 'जरा बघता का' येतं आणि मी बघते. तुमची दुपारही साहेबांच्या मर्जीवरच आहे. उद्या साहेब बदलले तर? एक मेल तरी टाका, 'ठरल्याप्रमाणे दुपारी १ ते ३ मी नसेन, रात्री भरून काढीन.' उत्तरात नुसतं 'ओके' आलं तरी हाताशी काहीतरी राहील.

निशाचर
आणि 'नाही' आलं तर? आज निदान कुणी विचारत नाही. थेरपीची वेळ मला बदलून मिळत नाही, म्हणून तो मेल मी टाकणार नाही.