प्रति: लसीनंतरचा ताप, ‘एक चमचा’ म्हणजे किती?

लस टोचायच्या आधीच एक चमचा पॅरासिटामॉल (तापाचं औषध) देऊन ठेवा, असा सल्ला इथे दिला गेलाय; तो सरसकट पाळू नका. आधी दिलेल्या डोसाने काही लसींची अँटिबॉडी (रोगाशी लढणारी प्रथिनं) कमी तयार होते, असं दिसून आलंय. डॉक्टरांनी एखाद्या लसीसाठी मुद्दाम सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी ताप चढला आणि बाळ किरकिरायला लागलं, दूध पिईना, की मगच द्या.

आणि कृपा करून ‘एक चमचा’ म्हणू नका! डोस वजनावर ठरतो: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. ६ किलोच्या बाळाला ६० मिलिग्रॅम द्यायचे तर ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप २.५ मिली लागतं, पण १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेले ड्रॉप्स फक्त ०.६ मिली. ड्रॉप्सच २.५ मिली गेले तर चौपट औषध पोटात जातं. म्हणून लेबलवरचा आकडा वाचा आणि सुई नसलेल्या सिरिंजने मोजा. लस टोचलेल्या मांडीवरच्या सुजेवर गार ओल्या कापडाची घडी ठेवा, चोळू नका.

गोवराच्या लसीचा ताप बहुधा ७ ते १२ दिवसांनी येतो, कधी बारीक पुरळही उठतं. तेव्हा लसीची आठवणच राहत नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, किंवा कुठलंही मूल सुस्त पडलं, झटका आला, तर घरी थांबू नका.